सालदाराची सही

पेन डोमाजीच्या बोटांत होतं, पण कागदावर उतरत नव्हतं. समोरच्या माणिकरावांची चुळबुळ चालली होती. आदिलाबादेत ते लोकांचे आयकराचे कागद भरून देत, आणि विवरण दाखल करायचा तो शेवटचा दिवस होता.

डोमाजीचा एकुलता एक यशवंत अमेरिकेत होता. तिकडे त्याने छोटी कंपनी काढली आणि हौसेने चौथा हिस्सा बापाच्या नावावर केला. परदेशी कंपनीत मालकी असेल तर ती सरकारला कळवायची, असा नवा रकाना त्याच वर्षी फॉर्मात आला होता. कंपनीचं नाव, देश, हिस्सा, सगळं माणिकरावांनी भरलं होतं. राहिली होती फक्त सही.

"करा ना, मामा. नाही केली तं दंड बसंल," माणिकराव म्हणाले. "अमेरिकेतल्या कंपनीचे मालक हाय तुमी! काऊन थांबले?"

मालक हा शब्दच डोमाजीच्या घशाखाली उतरत नव्हता. उमेदीची सगळी वर्षं तो जैनथ गावाकडे एका शेतकऱ्याचा सालदार होता. पाडव्याला अंगठा द्यायचा, धान्याची उचल घ्यायची, की पुढच्या पाडव्यापर्यंत माणूस मालकाचा. मधे सुटका नाही. सही करायला तो पुढे पोराबरोबर शिकला. आता त्याच सहीची त्याला भीती वाटत होती.

"तिथं लोकं राबत असतीन ना?" त्याने विचारलं.

"हाय ना, दहा-बारा जण."

"त्याइचं साल कवा संपते?"

माणिकरावांना हसू आलं. पण म्हाताऱ्याचा चेहरा पाहून त्यांनी ते आवरलं आणि यशवंतला फोन लावला.

"जय भीम, बाबा. झाली सही?"

"यशवंता, तुया कंपनीतला मानूस मधातच उठून घरी जातो म्हनला, तं?"

"जाईन ना, बाबा. त्याले कोन अडवते?"

"काम अर्धं असंल तरी?"

"अर्धं असू द्या. घरून तसा निरोप आला, तं आमीच म्हनतो, तू निंग पयले."

 डोमाजीने डोळे पुसले आणि एकेक अक्षर जोडत सही केली.

यशवंत जन्मला त्या दुपारी तो मालकाच्या वावरात तण काढायची डवरणी करत होता. त्याची बायको विठाबाई बाळंतपणात अडल्याचा निरोप दोनदा आला. मालक म्हणाला, "वावर पुरं कर, मंग जाय." वावर पुरं करून तो घरी पोचला, तेव्हा पोर रडत होतं आणि विठाबाईचं अंग गार पडलं होतं.