नवसाचा गूळ

बारीक व्हायचं तर पोटाचं ऑपरेशन करा, असं हैदराबादच्या डॉक्टरनं सांगितलं, तेव्हा रेणुकाबाई तडक उठून आपल्या गावी, तामसीला परत आली. तिनं भात-भाकर सोडली आणि तेलंगणातल्या मेडारमच्या, गूळ वाहतात त्या देवींना नवस बोलला, कापाकापी न करता बारीक झाले तर माझ्या वजनाइतका गूळ वाहीन.

दीड वर्षात ती निम्मी झाली. संक्रांतीला कापसाच्या काट्यावर एका पारड्यात ती बसली, दुसऱ्यात गुळाच्या भेल्या रचल्या. पारडी बरोबर झाली. शेजारच्या बाया बघतच राहिल्या.

महिन्याभरानं मेडारमच्या जत्रेला निघायच्या सकाळी नवऱ्यानं, सुधाकररावानं, हौसेनं तिला त्याच गुळासमोर परत पारड्यात बसवलं. गुळाचं पारडं धाडकन खाली गेलं. त्यानं हसत एक भेली काढली. मग दुसरी काढली. तिचं पारडं वरच.

“आता पुरे कर ना व,” तो म्हणाला. “आयकलं देवीनं तुह्यं. जेवत जाय पोटभर.”

रेणुकाबाईनं पारड्याची साखळी घट्ट धरली.

“आवो, गूळ मोजला त्याच दिवशी सोडलं म्या ते उपाशी राहणं. तवापासून दोन्ही टाइम तुमच्याहून जास्त जेवून राह्यली मी.”