जांभळा स्फटिक

गडचांदूरच्या ज्युनिअर कॉलेजात उर्वशी बोलत होती आणि बारावीची पोरं जागची हलत नव्हती. फिजिक्सचा मास्तर अजय शेवटच्या बाकावर बसला होता. एमएस्सीला दोघं एकाच वर्गात; पहिला अजय, दुसरी उर्वशी. आज ती मुंबईच्या मोठ्या प्रयोगशाळेतून पाहुणी म्हणून आली होती.

तिच्या तळहातावर तुरीच्या दाण्याएवढा जांभळा स्फटिक होता. लॅन्थनम आणि बोरॉनचा. वाढवायला चार महिने लागले, म्हणाली.

"थंड करत गेलं की बोरॉनचा पिंजरा लवकर गप होते. पण आत कोंडलेला जड अणू हलतच राह्यते. किती थंडीत तो किती उष्णता धरते, ते आमी मोजतो."

ते वाक्य अजयचं होतं. नागपूरच्या कॅन्टीनमध्ये बशीत साखरेचे दाणे मांडून त्यानंच तिला हे समजावलं होतं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सात वर्षांत त्याच्या तासाला कोणी टाळी वाजवली नव्हती.

चहाला सगळे बाहेर गेले. फळा पुसायच्या निमित्तानं तो मागं राहिला. टेबलावर प्लास्टिकची डबी, आत कापूस, कापसात स्फटिक. त्यानं तो उचलला, शर्टाच्या खिशात टाकला, डबी लावली. मग खरोखरच फळा पुसला.

परत आल्यावर उर्वशीनं डबी उघडली. नुसता कापूस.

"खाली पडला असंन, मॅडम," म्हणत पहिल्या बाकावरची आचल टेबलाखाली शिरली. बाकं सरकली. चाळीस पोरं फरशीवरच्या, सिमेंट कारखान्यातून उडून आलेल्या धुळीत रांगू लागली.

"राहू द्या रे. मोजून झाला तो," उर्वशी म्हणाली. मग अजयकडे वळून हळूच, "तुलेच द्याले आणला होता. तुझ्या त्या साखरेच्या दाण्यांपासूनच सुरू झालं ना माझं सारं. आता सगळ्यांपुढं सांगणार होती."

खिशात हात घालायचा तर आत्ताच. पण ती समोरच उभी होती, त्याच्याकडे पाहत.

"सर, तुमी उभे काऊन?" आचल खालून ओरडली. "त्या कोपऱ्यात पाहा ना!"

अजय गुडघ्यांवर बसला. वाकल्यावर खिशातून घरंगळेल म्हणून एक हात त्यानं छातीशी घट्ट दाबून धरला, आणि दुसऱ्या हातानं तो फरशी चाचपू लागला.