राखणदाराला कोण सांगणार

"सेटिंग तुमच्याच ड्रायव्हरमध्ये राहू दे ना, मालविकाताई," अश्फाक म्हणाला. "कॅमेरा आधी जागा होतो."

तो हे इतक्या सहज म्हणाला, की मालविका सावध झाली. ज्याच्यावरून दोघांची कित्येक महिने धुसफूस चालली होती, ते हा माणूस आज ताटात वाढून देत होता. फुकट कोणी कोणाला काही देत नाही, निदान कतारमधल्या लुसैल शहरातल्या या अठराव्या मजल्यावर तरी नाही.

पार्किंगच्या फाटकावर बसवायची एक पेटी ते दोघे बनवत होते. गाडी आली की कॅमेरा तिचा नंबर टिपणार आणि पडदा तो दाखवणार. कॅमेरा आणि पडदा, दोघांची मेमरी एकच, आणि तिच्या दारावर राखणदार म्हणून बसलेली चिपही एकच. कोणी कुठवर जायचं, हे त्या राखणदाराला सेटिंग करून सांगावं लागे. सांगणारे मात्र दोन होते: मालविकाने लिहिलेला कॅमेऱ्याचा ड्रायव्हर, म्हणजे कॅमेरा चालवणारा प्रोग्राम, आणि अश्फाकने लिहिलेला पडद्याचा. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तशी त्या पेटीची गत झाली होती. दिवसातून तीनदा ती गोठायची, चालता चालता बंद पडायची.

रविवारी गिऱ्हाईक पेटी बघायला येणार होतं आणि आज गुरुवार होता. मॅनेजर जियादने सकाळीच बजावलं होतं, दुपारपर्यंत एक नाव ठरवा. ज्याच्या ड्रायव्हरमध्ये सेटिंग राहील त्याचं कंत्राट पुढे चालेल, दुसऱ्याचं या महिन्याअखेर संपेल. मालविकाच्या नवऱ्याची, पियूषची, नोकरी रमजानच्या आधीच गेली होती. घरातल्या तिघांची रेसिडेन्सी, इथे राहण्याचा परवाना, आता तिच्या नोकरीवर होती, आणि मुलगी गार्गी दहावीत होती.

तरी हो म्हणायला तिची जीभ रेटेना. पेटी का गोठते, हे अजून कोणालाच सापडलं नव्हतं. सेटिंग आपल्याकडे घेतलं आणि रविवारी गिऱ्हाईकासमोर पेटी गोठली, तर हा नामानिराळा राहणार. गोड बोलून धोंड गळ्यात बांधतोय, दुसरं काय.

"विचार करते," ती म्हणाली.

"करा. मी नमाज पढून येतो."

तो गेला तसा तिने त्याचा कोड उघडला. बंदी नव्हती, सगळ्यांचा कोड सगळ्यांना दिसायचा. पण शेजारणीच्या स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडू नयेत, तसं एकमेकांच्या ड्रायव्हरमध्ये डोकं घालायचं नाही, असा दोघांचा शिरस्ता होता. मंगळवारी तिने जियादला मेल टाकला होता, की पडद्याचा ड्रायव्हर माझं सेटिंग पुसतो. पुरावा काहीच नव्हता. तो आता तिला हवा होता.

सापडलं भलतंच. अश्फाकचा ड्रायव्हर लिहिण्याआधी वाचून बघत होता. शेजारी त्याने इंग्रजीत टीप लिहिली होती, 'कॅमेऱ्याने आधी लिहिलं असेल तर हात लावू नये.' तारीख जानेवारीची. ती ओळ तिने तीनदा वाचली. कुठेतरी मेख असणारच म्हणून मागचं-पुढचंही चाळलं. मेख नव्हती.

मग तिने स्वतःचा कोड उघडला. कॅमेरा डुलकी काढून उठला, की तिचा ड्रायव्हर राखणदाराला सगळं पहिल्यापासून सांगत होता, मग पडद्यावर चित्र अर्धवट उमटलेलं का असेना. वाचणं नाही, विचारणं नाही. फेब्रुवारीत एकदा पडद्यावरचं चित्र फाटलं होतं. अश्फाकनेच काहीतरी बदललं असणार, असं धरून तिने रागारागात सगळं पुन्हा सांगणारी ही ओळ घातली होती. आता तिला स्वतःची लाज वाटली. पाठोपाठ गार्गीची शाळा आठवली आणि क्षणभर वाटलं, स्क्रीनवरचा कोड बंद करावा आणि गप्प बसावं.

"यल्ला, चला," म्हणत जियाद अश्फाकच्या मागोमाग आत आला. त्याने उभ्याउभ्याच विचारलं, "कोणाचा ड्रायव्हर?"

अश्फाकने मालविकाकडे बोट केलं.

"अश्फाकचा," मालविका म्हणाली. "तो लिहिण्याआधी वाचतो, माझा वाचत नाही. पेटी माझ्यामुळे गोठते. मंगळवारचा माझा मेल चुकीचा होता. पडद्याचं काम होईपर्यंत माझा कॅमेरा थांबेल, दोन सेकंदांचा तर प्रश्न आहे."

जियादने एकदा तिच्याकडे नीट पाहिलं आणि फोनमध्ये नाव लिहून घेतलं. "खलास, ठरलं," म्हणाला आणि निघून गेला.

अश्फाक खुर्ची ओढून बसला. आभार वगैरे त्याने मानले नाहीत. तिच्या स्क्रीनवर उघडा असलेला आपलाच कोड त्याने पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं. दार लागलंय याची खात्री करून तो हळू आवाजात म्हणाला,

"मालविकाताई, खरं सांगा. दुसरीकडे नोकरी लागली ना तुम्हाला?"

"नाही हो."

तो किंचित हसला.

"बरं, नका सांगू."