आव्वाच्या पसंतीची गाडी

ऋषभ माझा सख्खा भाऊ, हे सांगायचीसुद्धा आता लाज वाटते. क्रूझर बाइक घ्यायची म्हणून त्यानं कोल्हापुरातली एकेक शोरूम पालथी घातली. गुडघे दुखणाऱ्या आमच्या आव्वाला प्रत्येक गाडीच्या मागच्या सीटवर चढवायचा आणि मोबाइलसमोर सांगायचा, “माझी आई जिच्यावर निवांत बसंल, तीच गाडी घेणार.” शेवटी आव्वानं एक पसंत केली.

गाडी दारात आली. बाहुबलीला दर्शनाला जायचं म्हणून आव्वा इरकल नेसून तयार. गाडीला ओवाळून ती बसायला वळली, तर मागची सीट काढून टाकलेली.

“सिंगल सीटच भारी दिसती की,” ऋषभ म्हणाला.

“मग मला कशाला एवढ्या गाड्यांवर चढवलास?”



“त्या व्हिडिओंवरच तर आपलं चॅनल चाललं, आव्वा. आता जरा बाजूला हो, फोटोत येतीयास.”