आप्पांच्या आवाजातलं कृष्णविवर

भूपाल मगदुमांनी पुण्याला लेकीला फोन लावला, तेव्हा पलीकडून त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला. तो कृष्णविवर म्हणजे काय ते समजावून सांगत होता.

"आप्पा, पाच मिनिटांनी बोलू? भाग संपतच आलाय," म्हणत श्रुतिकानं फोन ठेवला.

हॉस्टेलला जाताना तिनं त्यांच्याकडून दोन पानं वाचून घेऊन आवाजाची नक्कल करणाऱ्या एका अ‍ॅपात भरली होती. तेवढ्यावर हवा तो पॉडकास्ट आप्पांच्या आवाजात ऐकता यायचा. "तिथं करमायचं नाही मला," ती म्हणाली होती, आणि आप्पांना भरून आलं होतं.

पाच मिनिटांची पंचवीस झाली. ते उठले, पाणी प्यायले, पुन्हा बसले. यंत्रमागांच्या खडखडाटात जन्म गेल्यामुळं आप्पा घरातही ओरडूनच बोलत. तो दुसरा मात्र किती हळू, समजुतीनं बोलत होता. आणि आप्पांना तर फक्त गुडघा बरा आहे, एवढंच सांगायचं होतं.

शेवटी त्यांनी फोनवर तिनं मागं पाठवलेली पॉडकास्टची यादी उघडली. अवकाश, कायदा, इतिहास, दोन विनोदी गप्पांचे. एकेकाखालचं 'सदस्य व्हा' ते दाबत सुटले.

"अहो, ज्ञानाचं घेताय का करमणुकीचं?" त्यांच्या पत्नी कुसुमताईंनी स्वयंपाकघरातून डोकावत विचारलं.

"सगळंच."

"या वयात एवढं ऐकून करणार काय?"

"रोज पोरीशी मी काय बोलतो," आप्पा पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "ते मला तरी कळायला नको?"