तळावरची सावली

आयर्लंडमधल्या विकलोच्या डोंगरातली ती नदी त्या आठवड्यात घोट्याएवढीच उरली होती, आणि इतकी नितळ की तळाचे गोटे मोजून घ्यावेत. डॉक्टर राजस पाण्यात उभा राहून गळाला लावलेली पिसांची खोटी माशी ट्राउट माशांपुढे टाकत होता, तेवढ्यात नागपूरहून नीलिमाताईचा फोन आला.

"आई सारखी तुझं नाव घेतेय रे. रजेचं काय झालं?"

"हॉस्पिटल सोडतच नाहीये, ताई. आत्तासुद्धा वॉर्डातच आहे मी."

रजा मिळून चार दिवस झाले होते. आईला अंथरुणाला खिळलेलं बघायचा धीर त्याला होत नव्हता, एवढंच.

फोन खिशात टाकताना त्याचे कान तापले. शरमेनं त्यानं मान खाली घातली. तळावर त्याची सावली पडली होती. तिचा हात अजून कानाशीच होता.

राजसनं गळाची काठी टाकून दोन्ही हात वर केले. सावलीचा हात हलला नाही. बोलणाऱ्या माणसाची हलते तशी तिची मान मात्र हलत होती. एकही मासा तिला बिचकत नव्हता.

घाबरून त्यानं ताईला फोन लावला. ती दुसऱ्या कॉलवर होती. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

बऱ्याच वेळानं सावलीनं हात खाली घेतला, आणि लगेच ताईचा मेसेज आला.

"स्वतःहून खरं सांगितलंस, बरं केलंस. पण इतकं रडू नकोस रे. फोन स्पीकरवर होता. आईनंही सगळं ऐकलं."