पत्र्याचं मैदान

"हा नव्हे," ताई म्हणाली, आणि भावाचा चेहरा पडला. ताईला तो दिसला नाही, एवढंच काय ते बरं.

खेळ टेबलावर होता. हिरवं पत्र्याचं मैदान, दोन्ही टोकांना दांड्या. दांडी दाबली की पत्र्याचा खेळाडू लाथ मारणार आणि गोळी पलीकडच्या गोलात. भावाचं चष्म्याचं दुकान. अख्ख्या गावाला नजर दिली त्याने, पण सख्ख्या बहिणीचे डोळे गेले तेव्हा त्याच्याकडे एकही काच उपयोगाची निघाली नाही. तेव्हापासून ताई गप्पगप्पच. एकदाच आपणहून म्हणाली होती, "लहानपणी आपला तो टेबलावरचा खेळ होता बघ, काय बरं नाव त्याचं?" झालं! नाव दोघांनाही आठवेना. भावाने जुन्या बाजारातल्या दुकानांचे उंबरठे झिजवले. आणलेला प्रत्येक खेळ ताई नापास करायची.

"अगं, नीट हात फिरव. कडा तीच, दांड्या त्याच!"

"असतील रे. पण आवाज तो नाही." तिने दांडी दाबली. पोलादी गोळी खणखणत गेली. "आपली टपटप जायची. मध्येच अडायची."

"गोळी कशी अडेल? गोल असते ती!" भाऊ वैतागला. "तुला काहीतरीच आठवतंय."

"थांब, थांब." ताईचा हात दांडीवरच राहिला. "अरे गाढवा! गोळी तू गिळली होतीस!"

"मी?"

"पहिल्याच दिवशी! आईने तुला केळ्यांवर केळी चारली. बाबा तुला पॉटवर बसवून पहारा देत होते. आली बाहेर, पण मग त्या गोळीला हात कोण लावणार? वाळका वाटाणा घेऊन खेळायचो आपण!"

आणि ती हसली. पोट धरधरून हसली. किती दिवसांनी! भावाला इतकं बरं वाटलं की लाजायचंही तो विसरला.

स्वयंपाकघरातून त्याने वाटाणा आणला. टपटप, अडत, धडपडत वाटाणा निघाला. ताईने मान तिरकी करून ऐकलं, दांडी दाबली, चुकली. पुन्हा दाबली. या खेपेला भावाचा हात जरा रेंगाळला आणि वाटाणा त्याच्या गोलात जाऊन पडला.

"हा गोल धरायचा नाही," ताई म्हणाली. "दांडी मुद्दाम उशिरा दाबलीस. ऐकलं मी. नीट खेळ."